गिरधरची सव्वा मूठ

गिरधर मंत्री झाला हे कळमखेड्याला कळून अकरा दिवस झाले होते. कशाचा मंत्री झाला, ते मात्र बोरी नदीने अलीकडे येऊ दिलं नव्हतं. अमळनेरहून आलेल्या वर्तमानपत्राच्या छाप्यात मुंबई इलाख्याच्या नव्या मंत्र्यांची नावं होती आणि खाली बारीक अक्षरात, खात्यांची वाटणी मागाहून जाहीर होईल, असं होतं. मागाहूनचा छापा यायच्या आत नदी आली.

मग गावाने आपल्या हातानेच वाटणी उरकून टाकली. शाळामास्तरांनी गिरधरला शिक्षण दिलं, कारण शाळेचं छप्पर गळत होतं. चुलतभाऊ वनाने त्याला पाटबंधारे दिले आणि मनातल्या मनात एक पाट थेट आपल्या मळ्यापर्यंत आणूनही ठेवला. देवळाच्या ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनी त्याला एकदम पोलीस दिले, आणि थोड्या वेळाने आपणच घाबरून काढून घेतले.

गिरधरचा थोरला भाऊ झुलाल, गावचा पोलीस पाटील, या वाटणीत तोंड घालत नव्हता. पण यशोदाबाईने त्याच्याशी अठ्ठावीस वर्षं संसार केला होता. जेवताना भाकरीचा तुकडा मोडून तो तसाच हातात धरून बसायचा, भाजी निवून जायची, आणि तिला समजायचं की नवऱ्याने मनात पुन्हा एकदा धाकट्या भावाला महसूल दिलं. पाटील नेमणारं खातं तेच, आणि काढणारंही तेच.

"महसूल असेल तर आपण होऊन राजीनामा द्यावा," तो एकदा म्हणाला होता. "भावाने काढण्यापेक्षा ते बरे."

असं शुद्ध बोलला म्हणजे तो घाबरलेला असायचा. एरवी झुलाल घरात सगळ्यांसारखा खानदेशीच बोले. पण मामलेदारासमोर उभं राहून राहून त्याच्या भीतीला पुस्तकी मराठी येऊ लागली होती.

भीती उगीच नव्हती. बत्तीस सालच्या चळवळीत गिरधरला खळ्यावरून धरून नेलं, तेव्हा फौजदाराच्या पुढे पाटील म्हणून झुलालच चालत होता. तेवढं कोणीही समजून घेतलं असतं; हुकूम तो हुकूम. पुढचं मात्र समजून घेण्यासारखं नव्हतं. मामलेदाराने विचारलं, घरात सरकारविरोधी माणूस आहे तर पाटीलकी तुमच्याकडे कशी ठेवावी? वनाने आणि आणखी दोघा भाऊबंदांनी कानाशी लागून सांगितलं, आणि झुलालने जबाब लिहून दिला: भाऊ आमच्यातून वेगळा आहे, कानबाईच्या रोटातसुद्धा त्याची मूठ धरली जात नाही.

वाटणीचे कागद फाटतात, पण रोटाची मूठ पक्की. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई देवी बसते. आदल्या दिवशी घरची थोरली सून उपाशीपोटी, ओठ मिटून, भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाचं नाव मनात घेऊन सव्वा सव्वा मूठ गहू काढते. त्याच पिठाचे रोट होतात. ज्याची मूठ त्याने आणि त्याच्या बायकापोरांनी ते खायचे; परक्याला त्यातला घास नाही. ज्याची मूठ नाही तो त्या घरचा नाही.

तो जबाब धुळ्याच्या कोर्टात सगळ्यांदेखत वाचला गेला. गिरधरने तो पिंजऱ्यात उभं राहून ऐकला. दीड वर्षाने सुटला तो धुळ्यालाच राहिला, तिथूनच निवडून आला. पाच वर्षांत त्याने गावात पाऊल टाकलं नव्हतं. आणि आता, नदी यायच्या आधीच्या शेवटच्या टपालात, त्याचं पोस्टकार्ड आलं होतं: रविवारी कानबाईच्या दर्शनाला येतो. दर्शनाला, एवढंच. रोटाचं त्यात काही नव्हतं.

शनिवारी सकाळी यशोदाबाईच्या मुठी काढून झाल्या आणि झुलाल दारात येऊन उभा राहिला.

"झालं?"

"व्हयनं."

"किती झाल्या?"

पाच वर्षांत त्याने हे कधी विचारलं नव्हतं. "जितला पुरुष शेतस तितल्या," ती म्हणाली.

त्याने पागोटं काढलं आणि पुन्हा डोक्यावर ठेवलं. "या वर्षी गिरधरचीही मूठ घ्यावी, असे मला वाटते."

यशोदाबाईने सूप खाली ठेवलं. गिरधरची मूठ टोपलीत पडून घटकाही झाली नव्हती. दरवर्षी ती पडत होती. भाऊबंदकीत एकवीस पुरुष धरले जायचे आणि ती बावीस मुठी काढायची; बाविसावं नाव घेताना ओठ जरा जास्तच घट्ट मिटायची. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं तर नवऱ्याचा सरकारी जबाब त्याच्याच घरात खोटा पडत होता. आणि आज त्याच नवऱ्याला भावाची मूठ आठवली होती, छाप्यात नाव आल्यावर.

"कोनी मूठ?" ती म्हणाली. "गिरधरभाऊनी का मंत्रीनी?"

झुलालने पागोटं काढून काखेत धरलं. मग हलक्या आवाजात, खानदेशीत म्हणाला, "लेशी का नही?"

"लेसू."

ती आत गेली. गव्हाच्या कणगीत हात घातला, बांगड्या दाराबाहेर ऐकू जातील एवढ्या वाजवल्या, आणि हात रिकामाच बाहेर काढला. ज्या मुठीला माणूस नाही ती मूठ माणूस मागते, असं तिची सासू सांगायची. एका गिरधरच्या दोन मुठी घालायची तिची छाती नव्हती.

ओसरीवर वनाची आई, भिकुबाई काकू, हरभऱ्याची डाळ निवडत बसली होती. "काय सांगे पाटील?"

"काही नही, काकू."

"सोमवारना रोट आतेपासून दखी राहिना व्हई." काकूने एक खडा अंगणात भिरकावला. "तुले बी अदमास नही व, यशोदा. पाच वरीस व्हयनात, एक वाटा उरस म्हंजे उरसच. आनि तुना धल्ला कानबाई बोळवीसन येस, दुरडीवरलं फडकं काढस, आनि उभाउभीच खाई लेस. पाटील मानूस, पन रोटनी हावस पोरसोरनी."

यशोदाबाई तिच्याशेजारी डाळ निवडायला बसली. उरलेला तो वाटा कोणाचा, हे तिला माहीत होतं. दर सोमवारी नवऱ्याने तो खाल्लेला तिला खुपायचा, आणि तरी बरंही वाटायचं. निदान घराबाहेर जात नव्हता.

"गावमा बठ्ठा खातं खातं करी राहिनात," काकू पुढे म्हणाली. "खातं म्हंजे काय व?"

"जशी कोठीनी किल्ली मनाकडे, दूधदुभतं तुमनाकडे. तसं."

"असं व्हय." काकूने डाळीवरून हात फिरवला. "मंग किल्ली कोना हातमा जाई, त्यानाच घोर शे म्हना नं."

रविवारी दुपारी पाणी गुडघ्यावर आलं आणि गिरधरची बैलांची दमणी नदीतून अलीकडे आली. वना हार आणि वाजंत्री घेऊन काठावर सकाळपासून उभा होता. गाडीत पुढे लाल पट्टा, मोठी पगडी आणि भरघोस मिशा असलेला सरकारी पट्टेवाला ट्रंकेवर बसला होता. त्याच्यामागे खादीच्या टोपीत अंग चोरून गिरधर आणि त्याची बायको कुंदाबाई. वाजंत्रीवाल्यांनी पहिला मुजरा अर्थातच पट्टेवाल्याला केला. त्यानेही तो सवयीने घेतला.

झुलाल दरबारी कोट घालून पायरीवर उभा होता. यशोदाबाई दाराआडून पाहत होती. दीर वाळला होता, कानशिलं पांढरी झाली होती. तो खाली वाकला, भावाच्या पायांना हात लावला आणि म्हणाला, "बरे आहात ना, भाऊ?"

दीरही शुद्ध बोलला होता.

"ईश्वरकृपेने बरे आहे," झुलाल म्हणाला. "प्रवास सुखाचा झाला ना?"

"झाला. नदीला पाणी होतं."

एका आईच्या पोटचे दोन भाऊ, आणि दोन कचेऱ्यांनी एकमेकींना पत्रं लिहावीत तसे बोलत होते.

वनाला एवढा धीर नव्हता. "गिरधर भो, आते सांगी टाक. कोनतं खातं?"

सगळी ओसरी पुढे सरकली. झुलालचा हात खांबावर गेला.

"तुरुंग," गिरधर म्हणाला.

"आनि?"

"आणि काही नाही. इलाख्यातले सगळे तुरुंग माझ्याकडे."

"पानी?"

"दुसऱ्याकडे."

"जमीन-महसूल?"

"तेही दुसऱ्याकडे. ते गुजरातकडचे आहेत."

वनाच्या मनातला पाट मळ्याच्या बांधावर येऊन आटला. "तुरुंगमा आपलं काय काम पडी, भो?"

"न पडो तेच बरं," ओट्यावरचा एक म्हातारा म्हणाला, आणि पहिल्यांदा हसं झालं.

झुलाल हसला नाही. तो आत आला, माठातून लोटाभर पाणी घेतलं आणि उभ्यानेच घटाघटा प्यायला. पाणी मिशीवरून कोटावर सांडलं तरी त्याला भान नव्हतं. नवऱ्याच्या मानेवरचं ओझं उतरलेलं यशोदाबाईला पाठमोरंच दिसलं. तिला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची थोडी लाजही वाटली.

स्वयंपाकघरात कुंदाबाई डांगर चिरायला बसली, पण रोटाच्या पिठापासून हातभर लांब.

"ये, थाप एक," यशोदाबाई म्हणाली.

"नको, अक्का. आमचा हात लागायला नको त्याला." कुंदाबाई धुळ्याची, शाळा शिकलेली; ती बोलायचीच अशी. पण आज त्या बोलण्याला धार होती.

यशोदाबाईने पिठाचा गोळा नुसताच फिरवला. काहीतरी बोलायचं म्हणून, जावेच्याच मराठीत, म्हणाली, "तुरुंग मिळालं ते बरं झालं बाई. महसूल मिळतं का काय, म्हणून पाटलांच्या तोंडचं पाणी पळालं होतं."

कुंदाबाईची विळी थांबली. "मिळालंच होतं."

"काय?"

"महसूल. तीन दिवस यांच्याकडेच होतं. चौथ्या दिवशी परत करून आले. म्हणाले, माझा भाऊ पाटील आहे. त्याला ठेवला तर लोक म्हणतील भाऊ म्हणून ठेवला, आणि काढला तर मी जेवू कसा? तुरुंग कोणी मागत नव्हतं, ते मागून घेतलं." तिने डांगराची फोड परातीत टाकली. "सगळे हसले यांना. महसूल सोडून तुरुंग घेणारा हा पहिलाच म्हणे."

"पाटलांना सांगितलं त्यांनी?"

"छे. आणि पाटलांना सांगायचं नाही, अशी मला शपथ घातलीय."

"मग मला का सांगितलंस?"

"तुमचं नाव शपथेत नव्हतं, अक्का."

दिवे लागले. चौरंगावर कानबाई बसली होती. नारळाला नाकडोळे, नथ, हिरवं खणाचं वस्त्र. पुढे पंगत मांडली. झुलालने आपल्या शेजारी एक पाट ठेवला आणि त्यावरची नसलेली धूळ हाताने झटकली. गिरधरने देवीपुढे डोकं टेकलं, उठला, आणि खुंटीवरची टोपी काढून घेतली.

"येतो, भाऊ. अमळनेरला मुक्काम करतो."

"रोट..." झुलाल म्हणाला.

"रोटात माझी मूठ नाही. सरकारी कागदावर आहे तसं. मला तो पाठ आहे."

तो रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. तो नुसतं सांगत होता.

"आहे," झुलाल घाईने म्हणाला. "या वर्षी आहे. मी कालच सांगितले."

"काल." गिरधरने टोपी झटकली. "म्हणजे मंत्र्याची मूठ. मंत्री आज आहे, उद्या नाही, भाऊ. त्याला कशाला रोटात घेता?"

कुंदाबाई पदर सारखा करून उठली. पंगतीतल्या कोणाचा हात पानाकडे गेला नाही. यशोदाबाई चुलीपाशी उभी होती, कोपरापर्यंत पीठ. आता बोललं तर सगळ्या भाऊबंदकीसमोर नवरा खोटा पडणार. न बोललं तर हा माणूस त्या दारातून जाणार, आणि मग कोणती कानबाई त्याला परत आणील? तिला तीन दिवस सांभाळून परत केलेलं ते महसूल आठवलं.

"काल मी मूठ टाकीच नही," ती म्हणाली.

झुलालने वळून पाहिलं.

"तुम्ही सांगं, मी नुसत्या बांगड्या वाजाड्यात. टाकती तर एकना दोन व्हतात. गिरधरभाऊनी मूठ तुम्ही येवाना पहिलेच पडेल व्हती." ती दिराकडे वळली. "मांगला साले बी पडनी. त्याना मांगला साले बी. तुम्ही तुरुंगमा व्हतात तव्हय बी. पाच वरीसमा एक साल चुकनं नही, भाऊ. कानबाईसमोर उभी शे, खोटं बोलाव नही."

"म्हंजे पाटीलना जबाब खोटा?" वना म्हणाला. बत्तीस साली कानाशी लागणाऱ्यांत तोच पुढे होता. पण आता त्याचा सूर कायद्याचा झाला.

"तू गप रे," त्याची आई म्हणाली. भिकुबाई काकू बोटांवर काहीतरी मोजत होती. "म्हनीसन दरसाल उरे. आनि मी हिले म्हनू, अदमास नही." मग तिची नजर हळूहळू झुलालवर गेली. "आनि तो उरेल वाटा..."

सगळे झुलालकडे पाहू लागले. तो पाटावर बसला होता, दोन्ही हात मांडीवर.

"माले माहीत व्हतं," तो म्हणाला.

खानदेशीत म्हणाला. यशोदाबाईच्या ते आधी लक्षात आलं, अर्थ मागून.

"मनी माय ह्याच मुठी काढता काढता म्हातारी व्हयनी. एकवीस मुठीना रोट कितला व्हतस, ते माले समजत नही का? पहिलाच साले समजनं. मंग म्हनं, याना वाटा गुरंसपुढे जावाले नको, गाववाटे जावाले नको. म्हनीसन सोमवारे मी खाऊ."

"मंग काल काबर सांगं माले?" यशोदाबाईने विचारलं.

"पाच वरीस तू चोरीसन लिधी. एकदाव तरी मना तोंडथून निंघाले जोयजे व्हतं." त्याने गिरधरकडे पाहिलं. "मंत्री व्हयना म्हनीसन नही. येई राहिना म्हनीसन."

गिरधर टोपी हातात धरून उभाच होता. बोलला ते भलतंच बोलला.

"कोरडाच?"

"काय?"

"रोट. कोरडाच खाये का?"

"कोरडाच."

"गूळ बी नही?"

"नही."

गिरधरने टोपी पुन्हा खुंटीला लावली आणि भावाशेजारच्या पाटावर बसला. "पाच वरीस मना वाटा खाई गया तू," तो म्हणाला. "आते मना वाटा माले दे. आनि तुनामाधला अर्धा बी दे."

झुलालने आपला रोट मोडला. तुकडे सारखे झाले नाहीत. मोठा तुकडा त्याने भावाच्या पानात टाकला. कुंदाबाई चुलीपाशी आली, हात धुतले, आणि परातीतल्या पिठाचा गोळा उचलला.

वनाला अजून राहवत नव्हतं. "पन त्या जबाबनं काय, भो? सरकारदरबारी शे तो."

गिरधरने घास गिळला आणि मुद्दाम कचेरीच्या मराठीत म्हणाला, "जबाब महसूल खात्यात आहे, माझ्याकडे तुरुंग आहेत. खोट्या जबाबाचा इसम माझ्याकडे दाखल झालाच, तर त्याच्या भाकरीत वाळू नसेल, एवढं मी जातीने पाहीन. आणि जबाब देताना त्याच्या शेजारी कोण उभे होते, तेही विचारीन."

वनाने खिरीची वाटी तोंडाला लावली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही. पंगत हसली, काकू डोळे पुसत हसली, आणि झुलालला हसताना पाहून यशोदाबाईला आठवेना, की हा माणूस शेवटचा कधी हसला होता.

सोमवारी सकाळी बोरीत कानबाई बोळवली आणि तिथूनच दमणी पलीकडे गेली. झुलाल घरी आला. सवयीने दुरडीपाशी गेला, फडकं उचललं. दुरडी रिकामी होती. तळाशी चार कण होते फक्त.

"काय दखी राहिना?" काकू ओसरीवरून म्हणाली. "सरनात बठ्ठा."

"बरं व्हयनं," तो म्हणाला.

तेवढ्यात पाणी उतरल्याने अडकलेलं टपाल आलं. पाटलाच्या घरी एकदम मधल्या सगळ्या दिवसांचे छापे. झुलालने चष्मा लावला आणि तारखेप्रमाणे लावून वाचायला बसला. यशोदाबाई जात्याखालचं पीठ भरत होती. कागदाचा आवाज थांबला तेव्हा तिने मान वर केली.

"यामा तर गिरधरना नावपुढे महसूल शे," तो म्हणाला.

ती पीठ भरत राहिली. त्याने पुढचा छापा उघडला, मग त्याच्या पुढचा. चौथ्यात, गिरधरने महसूल आपण होऊन परत केल्याच्या ओळीवर, त्याचं बोट थांबलं आणि तिथेच राहिलं. त्याच्या ओठांनी ती ओळ दोनदा वाचली.

"तुले माहीत व्हतं?"

"माले माहीत व्हतं," यशोदाबाई म्हणाली. शपथ तिने मोडली नव्हती, कुंदाबाईनेही नाही. टपालाने मोडली होती, आणि टपालाला कोणी शपथ घातली नव्हती.

झुलालने चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. तो बराच वेळ पुसावा लागला. मग चौथ्या छाप्याची नीट घडी केली, रिकाम्या दुरडीत ठेवली, आणि वरून फडकं झाकलं, रोटांवर झाकतात तसं.

"भाकर वाढ व," तो म्हणाला. "भूक लागनी."

तिने भाकरी वाढली, वर मिरचीचा ठेचा. त्याने तुकडा मोडला, आणि हातात धरून न ठेवता सरळ तोंडात घातला.